ग्रामीण महाराष्ट्रातील स्वतंत्र श्रवणसेवा : इतिहास, अर्थकारण आणि टिकाऊ वाढ (राहुरी परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

राहुरी तालुक्याचा आधुनिक इतिहास साधारणतः सहकार, पाटबंधारे आणि कृषिशिक्षण या तीन अंगांनी लिहिला जातो. आरोग्यसेवेचा, त्यातही श्रवणसेवेचा विचार या इतिहासात क्वचितच येतो. वास्तविक ऐकू न येणे ही केवळ वैद्यकीय बाब नाही. ज्याला ऐकू येत नाही तो ग्रामसभेतून, बाजारातील व्यवहारातून आणि घरातील बोलण्यातूनही हळूहळू बाहेर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात सुमारे ४३ कोटी लोकांना श्रवणविषयक पुनर्वसनाची गरज आहे. ही गरज तालुक्याच्या ठिकाणी कोण भागविणार, आणि भागविणारा स्वतः कसा टिकणार, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील श्रवणसेवेच्या वाटचालीचा आढावा घेऊन, स्वतंत्र श्रवणतज्ज्ञाचा व्यवसाय ग्रामीण भागात कोणत्या आधारावर उभा राहू शकतो, याचे विवेचन केले आहे.

दानधर्माकडून संस्थेकडे

भारतातील कर्णबधिरांच्या शिक्षणाचा संस्थात्मक प्रारंभ मुंबईत झाला. १८८५ च्या सुमारास बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने तेथे मूकबधिरांसाठी शाळा सुरू झाली. १८९३ मध्ये कलकत्त्यात तशीच शाळा निघाली. या कार्याची प्रेरणा धर्म आणि भूतदया ही होती. मुलाला किती ऐकू येते हे शास्त्रशुद्ध रीतीने मोजण्याचे साधन त्या काळी उपलब्ध नव्हते. त्यामुळे 'ऐकणारा' आणि 'बहिरा' असे दोनच वर्ग समाजाने मानले. कमी-अधिक ऐकू येणाऱ्यांचा मोठा समूह या विभागणीत दिसेनासा झाला.

श्रवणशास्त्र ही स्वतंत्र ज्ञानशाखा दुसऱ्या महायुद्धानंतर, श्रवणदोष झालेल्या सैनिकांच्या पुनर्वसनातून अमेरिकेत आकाराला आली. भारतात ती १९६० च्या दशकात रुजली. मुंबईत नायर रुग्णालयाच्या आश्रयाने या विषयाचे शिक्षण सुरू झाले, तर १९६५ मध्ये म्हैसूर येथे अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था स्थापन झाली. ९ ऑगस्ट १९८३ रोजी मुंबईत वांद्रे येथे राष्ट्रीय श्रवण विकलांग संस्था उभी राहिली. महाराष्ट्राचे राज्यपाल असतानाच १९७६ मध्ये निधन पावलेल्या अली यावर जंग यांचे नाव तिला देण्यात आले. प्रशिक्षित श्रवणतज्ज्ञ तयार होऊ लागले ते अशा संस्थांमधून. साहजिकच नोकरीच्या संधी, उपकरणे आणि संदर्भ रुग्णालये महानगरांतच एकवटली. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात १९८४ मध्ये लोणी येथे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने ही दरी काहीशी कमी झाली. तरी तालुक्याच्या गावी स्वतःच्या जबाबदारीवर सेवा देणारा श्रवणतज्ज्ञ ही कल्पना बराच काळ दूरच राहिली.

वाटपाचा कालखंड

१९७२ मध्ये कानपूर येथे कृत्रिम अवयवनिर्मिती करणारे केंद्रीय महामंडळ स्थापन झाले. १९८१ पासून केंद्र शासनाने अपंगांना साहाय्यक साधने देणारी योजना राबविली. शिबिरांतून श्रवणयंत्रे खेड्यापाड्यांत पोहोचू लागली. ज्या कुटुंबांना यंत्र घेणे कधीच शक्य झाले नसते, त्यांना ते मिळाले, हे या योजनेचे श्रेय निर्विवाद आहे. २०१४ च्या सुधारणेनंतर तर पात्र बालकांच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी ६ लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू लागले.

तथापि श्रवणयंत्र हे चष्म्यासारखे लावताच उपयोगी पडणारे साधन नाही. कानाचा साचा घ्यावा लागतो, आवाजाची पातळी व्यक्तीगणिक जुळवावी लागते, बॅटरी बदलावी लागते, आणि मेंदूला नव्या आवाजांची सवय होईपर्यंत काही आठवडे पुन्हा पुन्हा भेट द्यावी लागते. शिबिर एका दिवसात संपते. हे काम तेव्हा कुठे सुरू होते. पाठपुराव्याची व्यवस्था जवळ नसेल तर 'कानात नुसता गोंगाट होतो' अशी तक्रार करीत वृद्ध माणूस यंत्र फडताळात ठेवून देतो. वाटपाच्या पद्धतीने आणखी एक समज रुजविला, तो म्हणजे श्रवणसेवा म्हणजे यंत्र, आणि यंत्र म्हणजे फुकट मिळण्याची वस्तू. तपासणी आणि जुळवणी यांचे स्वतंत्र मोल असते, हे समाजाला पटलेच नाही.

कायदा आणि व्यवसायाची चौकट

भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ मुळे या व्यवसायाला प्रथमच वैधानिक चौकट लाभली. परिषदेकडे नोंदणी नसलेल्या व्यक्तीने पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम करण्यास या कायद्याच्या कलम १३ ने मनाई केली. त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. कायदा झाला, परंतु दुकानात टेबलावर यंत्र ठेवून ते विकणे त्यामुळे थांबले नाही. प्रामाणिक श्रवणतज्ज्ञाला अशा विक्रेत्याशी किमतीच्या पातळीवर स्पर्धा करावी लागते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा अधिक श्रवणऱ्हास असल्यास 'बधिर' आणि ६० ते ७० डेसिबल असल्यास 'ऐकण्यास कमी येणारा' अशी व्याख्या केली. याचा एक परिणाम फारसा चर्चिला जात नाही. ४० ते ६० डेसिबल ऱ्हास असलेली व्यक्ती, म्हणजे साधारण बोलणे अर्धवट ऐकू येणारे घरातील आजोबा-आजी, या व्याख्येत बसत नाहीत. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर आधारलेल्या योजनांचे दार त्यांच्यासाठी बंद राहते. स्वतंत्र श्रवणसेवेची खरी गरज याच मोठ्या वर्गाला आहे.

राहुरीचे क्षेत्र

मुळा नदीवरील बारागाव नांदूरच्या धरणाने, म्हणजे २६ टीएमसी क्षमतेच्या ज्ञानेश्वर सागराने, या भागाचे शेतीचित्र बदलले. ऊस वाढला, साखर कारखानदारी स्थिरावली, ट्रॅक्टर आणि यंत्रे आली. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठामुळे सुशिक्षित नोकरदार व निवृत्तांचा वर्ग येथे वसला. या समृद्धीबरोबर गोंगाटही आला. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशी ९० डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून अधिक आवाज असतो. साखर कारखान्यातील गिरण्या व टर्बाइन यांचीही तीच स्थिती. गोंगाटजन्य श्रवणऱ्हास हा कायद्याने व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदविलेला आहे. मात्र तो वेदना न देता हळूहळू वाढतो, म्हणून कामगार त्याकडे वयाचा परिणाम म्हणून पाहतो.

याच परिसरात दुसरे टोकही आहे. पाथर्डी, शेवगाव आणि बीड जिल्ह्यातून ऊसतोड कुटुंबे हंगामात येथे येतात. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी अपेक्षित आहे, आणि जन्मजात बहिरेपणाचा त्यात समावेश आहे. परंतु कोपीवर राहणारे मूल गावच्या अंगणवाडीत तपासणीच्या दिवशी नसते. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार हा बालश्रवणाचा सर्वमान्य दंडक आहे. हंगामी स्थलांतराचे सहा महिने या दंडकाला थेट छेद देतात. येथे गेलेला वेळ पुढे भरून निघत नाही. त्या मुलाची भाषाच मागे राहते.

टिकाऊ वाढीचे अर्थकारण

अशा क्षेत्रात स्वतंत्र व्यवसाय सुरू करणाऱ्यास ध्वनिरोधक खोली, ऑडिओमीटर व त्याचे नियमित प्रमाणीकरण यांचा स्थिर खर्च पहिल्या दिवसापासून करावा लागतो. उत्पन्न मात्र प्रामुख्याने यंत्रविक्रीच्या नफ्यातून येते. ज्याची सेवा यंत्राच्या किमतीत दडलेली आहे, त्याच्यावर महाग यंत्र विकण्याचा मोह व दबाव असतो. शिवाय यंत्रे स्वस्त होत गेली की सेवेचा आधारही जातो. अमेरिकेत २०२२ पासून सौम्य व मध्यम ऱ्हासाची यंत्रे प्रौढांना तज्ज्ञाविना विकत घेता येतात, हे या संदर्भात ध्यानात घेण्यासारखे आहे. म्हणून तपासणी, जुळवणी आणि पाठपुरावा यांचे शुल्क स्वतंत्र व स्पष्ट ठेवणे ही टिकाऊपणाची पहिली अट ठरते.

दुसरी बाब स्थानिक आर्थिक चक्राची आहे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार १४ दिवसांत उसाचे पैसे देणे अपेक्षित असले तरी देयके लांबतात, आणि वडिलांच्या यंत्राचा खर्च घरात सर्वांत शेवटी येतो. हप्त्यांची सोय हंगामाशी जुळविणारा व्यावसायिकच येथे टिकू शकतो.

तिसरा धडा स्थानिक इतिहासच देतो. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा कारखाना सुरू झाला, तो सभासदांच्या विश्वासावर. त्याच परंपरेतील राहुरीच्या कारखान्याला पुढे कर्जाच्या ओझ्यामुळे बंद पडण्याची वेळ आली. विश्वासाने उभे राहिलेले कामही कुवतीबाहेरच्या कर्जाने कोलमडते. त्यामुळे एकाच वेळी अनेक शाखा काढण्यापेक्षा एक सुसज्ज केंद्र राहुरीत ठेवून वांबोरी, देवळाली प्रवरा, टाकळीमिया अशा गावी ठरलेल्या दिवशी भेट देणे हा सावध मार्ग होय. कृषी विद्यापीठाच्या विस्तारकार्याचेही तत्त्व हेच आहे की, बियाणे दिल्यावर शेतावर जाऊन पीक पाहावे लागते.

निष्कर्ष

१) महाराष्ट्रातील श्रवणसेवा दान, संस्था आणि वाटप या टप्प्यांतून गेली, पाठपुराव्याची व्यवस्था यांपैकी कोणत्याही टप्प्यात ग्रामीण भागात पुरेशी रुजली नाही.
२) कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिलेले वृद्ध व गोंगाटात काम करणारे श्रमिक हा स्वतंत्र व्यवसायाचा नैसर्गिक आधार आहे.
३) सेवाशुल्क यंत्राच्या किमतीपासून वेगळे केल्याशिवाय व्यावसायिक नीती व आर्थिक स्थैर्य एकत्र नांदू शकत नाहीत.
४) ऊसतोड कुटुंबांतील बालकांची तपासणी बाजारावर सोडता येणार नाही. तेथे शासन, कारखाना आणि स्थानिक श्रवणतज्ज्ञ यांनी हंगामाच्या आरंभीच संयुक्त व्यवस्था करणे आवश्यक आहे.

श्रवणसेवेची वाढ केंद्रांच्या संख्येवरून मोजणे सोपे आहे. परंतु वर्षभरानंतर किती जणांच्या कानात यंत्र प्रत्यक्ष वापरात आहे, हाच तिच्या यशाचा अधिक विश्वसनीय निकष मानावा लागेल.