हंगाम नसताना नांदूर मध्यमेश्वर

कर्जत-खालापूरहून भर पावसाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला निघालात, तर घरचे विचारतीलच, 'आत्ता काय बघायला?' प्रश्न बरोबर आहे. निफाड तालुक्यातल्या या अभयारण्यात चक्रवाक, थापट्या हे पाहुणे हिवाळ्यात येतात. ऑगस्टमध्ये दिसतं ते गढूळ पाणी आणि बंधाऱ्याचे दरवाजे. मी म्हणेन, संशोधन करायचं असेल तर आधी तेच बघा.

कारण ही पाणथळ जागा मुळात माणसाने केलेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने गोदावरी-कादवा संगमाजवळ बंधारा घातला, तो कालव्यांना पाणी देण्यासाठी. पक्ष्यांशी त्याचा काही संबंध नव्हता. पुढे दर पुरासोबत मागे गाळ साठत गेला. त्यातून उथळ पाणी, बेटं, पाणवनस्पती, मासे, किडे आणि मग पक्षी. १९८६ मध्ये अभयारण्य झालं. २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं.

म्हणजे पाटबंधाऱ्याच्या हिशेबात जो तोटा, तेच पक्ष्यांचं घर. गाळ काढा म्हणणारा शेतकरीही खोटा नाही, त्याचा पाणीसाठा खरंच घटतो. हिवाळी पक्षीगणनेच्या तक्त्यात हा पेच दिसत नाही. म्हणून पक्ष्यांच्या याद्यांसोबत बंधाऱ्याच्या जुन्या नोंदीही मागा.

इतकं लांब जमत नसेल तर खोपोली आहेच. टाटांच्या वीजकेंद्रातून १९१५ पासून घाटमाथ्यावरचं पाणी पाताळगंगेत उतरतं. मे महिन्यात तिच्या काठावर कोणते पक्षी टिकतात, हे मोजायला लोकलचं तिकीट पुरतं.