फ्री ट्रेड हॉल : एका वास्तूचे नाव आणि तिच्याखालची भूमी

सार्वजनिक वास्तूंना नावे देण्याची इंग्लंडमधील नगरांची रीत ठरल्यासारखी आहे : एखादा संत, एखादा राजपुरुष, नाही तर नुसते ‘टाउन हॉल’ किंवा ‘गिल्डहॉल’. मँचेस्टर नगरातील पीटर स्ट्रीटवरील सभागृहास मात्र एका अर्थशास्त्रीय सिद्धान्ताचे नाव मिळाले. ‘फ्री ट्रेड हॉल’, म्हणजे मुक्त व्यापाराचे सभागृह. नाव हे निर्देशापुरते असते, त्याला अर्थ नसतो, असे एक मत तर्कशास्त्रात प्रसिद्ध आहे. या वास्तूपुरते तरी ते स्वीकारता येत नाही. येथे नावाने एक स्मृती जपली आणि तिच्या खालची दुसरी झाकून टाकली.

ही भूमी पूर्वी सेंट पीटर्स फील्ड या मैदानाचा भाग होती. १६ ऑगस्ट १८१९ रोजी तेथे सुमारे साठ हजार लोक मताधिकाराची मागणी करण्यासाठी जमले. हेन्री हंट हे मुख्य वक्ते होते. स्त्रियांची संख्या लक्षणीय होती. निशाणांवर धान्य कायद्यांविरुद्धच्याही घोषणा होत्या, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयाची आहे. दंडाधिकाऱ्यांच्या आज्ञेवरून प्रथम स्थानिक हौशी घोडदळ व मागोमाग हुसार पलटण गर्दीत शिरली. सहाशेंहून अधिक लोक जखमी झाले. मृतांची संख्या पंधरा ते अठरा मानली जाते. चारच वर्षांपूर्वी वॉटर्लूची लढाई झाली होती. ‘मँचेस्टर ऑब्झर्व्हर’ पत्राने सेंट पीटर आणि वॉटर्लू यांची सांगड घालून ‘पीटर्लू’ हा शब्द चालविला. उपहासासाठी घडविलेला जोडशब्द इतिहासाची संज्ञा होऊन बसावा, अशी उदाहरणे फार नाहीत.

सन १८३८ मध्ये मँचेस्टरात धान्य कायद्यांविरुद्धची चळवळ संघटित झाली. परदेशी धान्यावर जबर जकात बसविणारे हे कायदे १८१५ चे. त्यांमुळे जमीनदारांचा लाभ व मजुरांची उपासमार होत असे. चळवळीचे नेते रिचर्ड कॉब्डेन यांची जागा याच मैदानावर होती. तेथे १८४० मध्ये लाकडी मंडप, मग विटांचे सभागृह, आणि कायदे रद्द झाल्यानंतर (१८४६) विजयाचे स्मारक म्हणून १८५३ ते १८५६ या काळात एडवर्ड वॉल्टर्स यांनी आखलेली दगडी वास्तू उभी राहिली. तिचा दर्शनी भाग इटलीतील प्रासादांच्या धर्तीचा आहे. कमानींवरील शिल्पांत मुक्त व्यापार, कला, वाणिज्य यांच्या प्रतिमा आहेत, आणि खंडांच्या प्रतिमांत आशियाही आहे. मैदानात पडलेल्यांची प्रतिमा मात्र नाही.

आशियाची ती प्रतिमा पाहताना मराठी वाचकास मुंबई आठवल्यावाचून राहणार नाही. अमेरिकेतील यादवीमुळे कापूस येईनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी याच सभागृहात जमलेल्या लोकांनी गुलामगिरीविरुद्ध लिंकन यांना पाठिंबा कळविला, आणि १९ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी मँचेस्टरच्या श्रमिकांना उत्तर धाडले. (लँकेशायरमध्ये सर्वांचेच मत असे नव्हते.) त्याच टंचाईने मुंबईत कापसाचे भाव गगनाला भिडविले, मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्यासाठी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये दिलेली देणगी त्याच तेजीतली. पुढे ‘मुक्त’ या विशेषणाचा अर्थही मुंबईने अनुभवला. १८९६ मध्ये विलायती सुती कापडावरील जकात साडेतीन टक्के ठेवण्यात आली आणि लँकेशायरच्या समाधानार्थ हिंदी गिरण्यांच्या कापडावर तेवढाच अंतर्गत कर लादण्यात आला. तो १९२६ मध्ये रद्द झाला. आपल्या गिरणीमालकांनी या व्यापाराला मुक्त म्हटले नसेल तर त्यांना दोष देता येणार नाही.

मताधिकाराचा प्रश्न या जागेने सोडला नाही. १३ ऑक्टोबर १९०५ रोजी लिबरल पक्षाच्या सभेत क्रिस्टाबेल पँकहर्स्ट आणि अ‍ॅनी केनी यांनी स्त्रियांच्या मताविषयी प्रश्न विचारला. त्यांना बाहेर काढण्यात आले. दंड न भरता त्यांनी कारावास पत्करला. डिसेंबर १९४० च्या बाँबवर्षावात सभागृह उद्ध्वस्त झाले. वाचलेल्या दर्शनी भिंतींमागे लेनर्ड हॉविट यांच्या आराखड्यानुसार नवे सभागृह बांधून १९५१ मध्ये ते उघडले. हॅले वाद्यवृंदाने १९९६ मध्ये ते सोडले, आणि २००४ पासून तेथे हॉटेल आहे.

आता पाटीविषयी. १९७२ मध्ये भिंतीवर एक निळी पाटी बसविण्यात आली. हंट यांनी साठ हजारांच्या सभेपुढे भाषण केले व सैन्याने नंतर केलेली सभेची पांगापांग ‘पीटर्लू’ म्हणून स्मरली जाते, असा तिचा आशय होता. तीत खोटे काही नव्हते. सैन्याचा उल्लेखही होता. परंतु सारी कृती एका भाववाचक नामात कोंडली होती. ‘जमाव पांगला’, ‘जमाव पांगविला’ आणि ‘जमावावर शस्त्र चालविले’ या तीन वाक्यांतील अंतर विद्यार्थ्यांना व्याकरणाच्या तासाला समजाविणे सोपे जाते; भिंतीवर ते अंतर कापावयास पस्तीस वर्षे लागली. नागरिकांच्या आग्रहामुळे २००७ मध्ये तेथे लाल पाटी आली. शांततेने जमलेल्या स्त्री-पुरुषांवर व मुलांवर सशस्त्र घोडदळाने हल्ला केला, पंधरा जण मेले, सहाशेंवर जखमी झाले, असे ती सांगते. ‘हल्ला’ हा शब्द घटनेनंतर १८८ वर्षांनी त्या भिंतीवर चढला. वास्तूचे नाव अद्याप कॉब्डेन यांच्या सिद्धान्ताचेच आहे.