नागपूरचा उन्हाळा, एसीचं बिल आणि सरकारी अनुदान: काय मिळतं, काय मिळत नाही?

२०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस नागपूरचं तापमान ५६ अंशांवर गेल्याचा स्क्रीनशॉट देशभर फिरला. एका स्वयंचलित केंद्रावर तो आकडा खरंच उमटला होता, पण सेन्सरमध्ये बिघाड असल्याचं हवामान विभागाने नंतर स्पष्ट केलं. नागपूरचा खरा उच्चांक ४७.९ अंशांचा आहे आणि तो २३ मे २०१३ रोजी नोंदला गेला. तोही काही कमी नाही. नवतपाच्या त्या नऊ दिवसांत दुपारी बारानंतर सीताबर्डीसारख्या भागातही गर्दी ओसरते आणि घरोघरी कूलरचा आवाज सुरू होतो.

दर उन्हाळ्यात असे आकडे फिरतात, तशाच काही पोस्टही फिरतात. 'सरकार देतंय मोफत एसी', 'जुना एसी द्या, अनुदान घ्या', 'सोलर लावा, इन्कम टॅक्स वाचवा' अशी त्यांची शीर्षकं असतात. यातल्या काही पूर्ण खोट्या असतात, काही अर्धवट खऱ्या, तर काही खऱ्या असूनही वेगळ्याच देशाच्या असतात. नागपुरातल्या घराला गारवा आणताना सरकारी पैसा नेमका कुठे मिळतो, ते पाहूया.

एसी घेतला तर अनुदान मिळतं का?

नाही. घरासाठी एसी, कूलर किंवा पंखा घेणाऱ्या व्यक्तीला थेट खात्यात पैसे देणारी केंद्राची योजना नाही.

जे मिळालं ते करकपातीच्या रूपात. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. मूळ किंमत ४०,००० रुपये धरली, तर पूर्वी ग्राहकाला ५१,२०० रुपये मोजावे लागत. आता ४७,२०० लागतात. हे ४,००० रुपये मिळवण्यासाठी कुठलाही फॉर्म भरावा लागत नाही, ते दुकानातच कमी होतात. त्यामुळे 'जीएसटी रिफंडसाठी इथे नोंदणी करा' अशी लिंक आली तर ती उघडू नका.

जुना एसी देऊन नवा सवलतीत घेण्याच्या योजना मात्र खऱ्या आहेत. त्या सरकारच्या नसून वीज कंपन्यांच्या असतात. दिल्लीत बीएसईएसने आणि मुंबईत टाटा पॉवरने आपापल्या ग्राहकांसाठी त्या राबवल्या आहेत. जुना एसी गेला की सायंकाळचा भार कमी होतो, म्हणून कंपनीलाही त्यात फायदा असतो. पण योजना ज्या कंपनीची, तिचाच वीजग्राहक त्यात बसतो. नागपूरला वीज महावितरणकडून मिळते. दिल्लीतल्या योजनेची रील पाहून वर्धा रोडवरच्या दुकानात सवलत मागणं व्यर्थ आहे.

मग 'टॅक्स क्रेडिट' हा शब्द आला कुठून?

अमेरिकेतून. तिथे घराच्या छतावर सोलर लावला किंवा गरम-थंड दोन्ही करणारा हीट पंप बसवला, तर खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत रक्कम थेट भराव्या लागणाऱ्या प्राप्तिकरातून वजा व्हायची. हीट पंपासाठी त्याला वर्षाला २,००० डॉलरची मर्यादा होती. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांनी हा लाभ घेतला असेल. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने दोन्ही सवलती ३१ डिसेंबर २०२५ नंतर बंद केल्या. म्हणजे तिथल्या नातेवाइकांचा जुना सल्ला आता तिथेही चालत नाही.

भारतात असं क्रेडिट घरगुती करदात्याला कधीच नव्हतं. सोलर पॅनलवर पहिल्या वर्षी ४० टक्के घसारा दाखवता येतो हे खरं आहे, पण ती सोय व्यवसायासाठी आहे, पगारदाराच्या राहत्या घरासाठी नाही. घरदुरुस्तीसाठी कर्ज घेतलं असेल, तर त्याच्या व्याजावर वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळू शकते. तीही राहत्या घरासाठी जुनी कररचना निवडली तरच. एसीच्या ईएमआयवर ती मागता येत नाही.

खरा पैसा कुठे आहे?

छतावर. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर झालेली 'पीएम सूर्य घर मोफत वीज योजना' हीच आज घर थंड ठेवण्याच्या खर्चाला सगळ्यात मोठा हातभार लावते. ७५,०२१ कोटी रुपयांची ही योजना एक कोटी घरांसाठी आहे आणि तिची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. महाराष्ट्रात या योजनेत नागपूर जिल्हा आघाडीवर राहिला आहे. इथलं ऊन आणि इथली मोकळ्या गच्चीची घरं पाहिली तर त्यात आश्चर्य नाही.

हिशेब असा. पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये. पाच किलोवॅट बसवले तरी अनुदान ७८,००० च. हाऊसिंग सोसायटीला लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात.

ही रक्कम कशी ठरली, हेही जाणून घेण्यासारखं आहे. सरकारने पहिल्या दोन किलोवॅटसाठी किलोवॅटमागे ५०,००० रुपये आणि तिसऱ्यासाठी ४५,००० रुपये खर्च गृहीत धरला आणि त्यावर अनुक्रमे ६० आणि ४० टक्के दिले. तीन किलोवॅटचा सरकारी अंदाज त्यामुळे १,४५,००० रुपये होतो. बाजारातला दर यापेक्षा बराच वर जात असेल, तर त्याचं कारण विक्रेत्याला विचारा. सोलर साहित्यावरचा जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुनंच कोटेशन पुढे केलं जात असेल, तर नवं मागून घ्या.

कमी वीज वापरणाऱ्या घरांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये 'स्मार्ट' ही योजना वर जोडली. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला एक किलोवॅटसाठी केंद्राच्या ३०,००० वर राज्याचे १७,५०० रुपये मिळतात, म्हणजे खिशातून साधारण २,५०० जातात. महिन्याला १०० युनिटपेक्षा कमी वापर असलेल्या इतर ग्राहकांना राज्याकडून १०,०००, तर अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकांना १५,००० रुपये मिळतात.

तीन किलोवॅटमध्ये एसी चालेल का?

एक किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतो. तीन किलोवॅटचे झाले १२, महिन्याला साधारण ३६०. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी रात्री आठ तास चालला तर सात-आठ युनिट खातो. फ्रिज, पंखे, टीव्ही धरूनही एका एसीचं घर त्यात बसतं.

फक्त एक गैरसमज दूर करायला हवा. कडक उन्हाळ्यात सोलर सर्वात जास्त वीज देतो, असं वाटतं. पॅनलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. पॅनल २५ अंशांच्या वर जितका तापेल, तितकं दर अंशामागे उत्पादन ०.३ ते ०.४ टक्क्याने घसरतं. मे महिन्यात गच्चीवरचा पॅनल ६५ अंशांपर्यंत गेला, तर १२ ते १६ टक्के वीज तिथेच कमी होते. पॅनल आणि स्लॅबमध्ये हवा खेळती राहील इतकी उंची ठेवायला सांगा. त्याचा दुसरा फायदा म्हणजे पॅनलखालच्या स्लॅबवर दिवसभर सावली राहते आणि खालची खोली कमी तापते. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते.

३१ मार्चचा घोळ

नागपूरकरांचं खरं नुकसान इथे होऊ शकतं, आणि विक्रेते याबद्दल क्वचितच बोलतात.

दिवसा सोलरने तयार केलेली जास्तीची वीज ग्रिडमध्ये जाते आणि रात्री वापरलेल्या विजेतून तितके युनिट वजा होतात. यालाच नेट मीटरिंग म्हणतात. या महिन्यात उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात. पण राज्य वीज नियामक आयोगाच्या नियमांनुसार हे खातं आर्थिक वर्षाअखेरीस, म्हणजे ३१ मार्चला बंद होतं. उरलेले युनिट महावितरण ठरावीक दराने विकत घेते. हा दर तुम्ही एसीसाठी मोजता त्या दरापेक्षा बराच कमी असतो. १ एप्रिलला खातं पुन्हा शून्यावरून सुरू होतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत नागपुरात पंखाही नको असतो, आकाश निरभ्र असतं आणि युनिट साठत जातात. एप्रिलमध्ये कूलर-एसी सुरू होतात, तेव्हा साठा संपलेला असतो. 'हिवाळ्यात साठवा, उन्हाळ्यात वापरा' हे गणित इथे जमत नाही. म्हणून मे महिन्याचं सर्वात मोठं बिल डोळ्यांसमोर ठेवून मोठा संच घेऊ नका. बारा महिन्यांची बिलं काढून वर्षाची बेरीज करा आणि तिच्यापेक्षा थोडा लहानच संच घ्या.

शून्य बिलाचंही तसंच. युनिट पूर्ण वजा झाले तरी स्थिर आकार भरावाच लागतो.

दुसरीकडे, महावितरणच्या दरांचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटवर बदलतात आणि महागडा दर फक्त त्या टप्प्यावरच्या युनिटना लागतो. ३०१ वं युनिट वापरलं म्हणून आधीची ३०० युनिट महाग होत नाहीत. सोलर आधी हे वरचे, महागडे युनिट कापतो. त्यामुळे लहान संचही बिलावर मोठा फरक पाडतो.

अर्ज कुठे अडतो?

अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर वीजग्राहक क्रमांक टाकून करता येतो. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला आता वेगळी तांत्रिक तपासणी लागत नाही. नोंदणीकृत विक्रेता निवडायचा, संच बसवायचा, नेट मीटर लागला की तपासणी होते आणि साधारण महिनाभरात अनुदान खात्यात येतं. पॅनल भारतीय बनावटीच्या सेलचेच हवेत. स्वस्तात आयात पॅनल बसवले तर अनुदान जातं.

गाडी अडते ती नावावर. महाल, इतवारी, धंतोलीसारख्या जुन्या भागांत वीजबिल अजून आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असणं अगदी सामान्य आहे. बिलावरचं नाव, आधारवरचं नाव आणि बँक खातं जुळलं नाही, तर संच छतावर लागतो आणि पैसे लटकतात. भावाभावांत वाटणी झालेली नसेल तर नावबदलाला सगळ्यांची संमती लागते, आणि त्यात एक उन्हाळा सहज निघून जातो. म्हणून नावबदलाचं काम आधी, विक्रेत्याला फोन नंतर.

अनुदान ग्राहकाच्या खात्यात येतं, विक्रेत्याच्या नाही. 'अनुदान वजा करून इतकेच द्या' म्हणणाऱ्याकडून ते लेखी घ्या, ओटीपी मात्र कोणालाही देऊ नका. एकरकमी पैसे नसतील तर तीन किलोवॅटपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकांकडून तारणाशिवाय सुमारे दोन लाखांपर्यंत कर्ज मिळतं.

भाडेकरू आणि गच्चीचा हक्क नसलेले फ्लॅटधारक यात मागे पडतात. शेवटच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्याच्या खोलीत उष्णता सर्वात जास्त असते आणि त्याच्यासाठी या अनुदानात जवळपास काहीच नाही. योजनेची ही मोठी उणीव आहे.

एसी घ्यायचाच असेल तर?

लेबलवरच्या ताऱ्यांपेक्षा खाली छापलेले वार्षिक युनिट वाचा. दीड टनाच्या तीन तारांकित एसीवर हा आकडा साधारण ९५० ते १,००० आणि पाच तारांकितवर ७५० ते ८०० असतो. हा हिशेब वर्षाला १,६०० तासांचा आहे. तुमचा एसी ८०० तासच चालत असेल तर बचतही निम्मी, म्हणजे सुमारे १०० युनिट. त्यासाठी दहा हजार रुपये जास्त मोजायचे का, हे प्रत्येकाने आपल्या वापरावरून ठरवावं. १ जानेवारी २०२६ पासून ताऱ्यांचे निकष कडक झाले आहेत. म्हणून २०२५ चं लेबल आणि २०२६ चं लेबल यांची ताऱ्यांवरून तुलना करू नका, युनिटवरून करा.

आणि नागपुरात एसीचे तास कमी ठेवणं शक्य आहे. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की वाळ्याच्या ताट्यांचा कूलर उत्तम काम करतो. त्याला लागतात २०० वॉटच्या आसपास, एसीला हजार-दीड हजार. जुलैमध्ये हवा दमट झाली की तोच कूलर घरात नुसती ओल आणतो आणि तेव्हा एसी कामाला येतो. अनेक घरांत दोन्ही असतात ते याचमुळे. जुन्या ७५ वॉटच्या पंख्याऐवजी ३० वॉटच्या आसपासचा बीएलडीसी पंखा लावणं हा सर्वात स्वस्त बदल आहे. गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग किंवा चुना मारणं हा त्याच्या जवळपासचा दुसरा. यापैकी कशालाच अनुदान नाही.

पालिकेच्या मालमत्ता करातली सवलत शहरागणिक बदलते. पुण्यात सौरऊर्जा, गांडूळखत, पर्जन्यजल संधारण यांपैकी एक केल्यास ५ आणि दोन केल्यास १० टक्के सूट मिळते. नागपुरात संच बसवल्यावर आपल्या झोन कार्यालयात कर विभागाकडे तपासणी अहवाल घेऊन विचारणा करा. अशी सूट अर्ज केल्याशिवाय कोणी आपणहून देत नाही.