विक्री कर्मचारी : अन्याय्य बडतर्फी

मालाची विक्री वा विक्रीवृद्धी करणाऱ्या पगारी माणसाला खोट्या कारणावरून, चौकशीविना किंवा सूडबुद्धीने कामावरून काढणे. औषध कंपन्यांचे वैद्यकीय प्रतिनिधी (बोलीत एमआर), क्षेत्र विक्रेते, दुकानातील विक्रेते, दूरध्वनीवरून विक्री करणारे आणि सदनिका विकणारे असे सर्व या व्यवसायात येतात. कायद्याचे संरक्षण मात्र सर्वांना सारखे नाही. गिरणीतला माणूस न्यायालयात गेला की त्याला का काढले, हे विचारले जाते. विक्रीतल्या माणसाला आधी आपण ‘कामगार’ आहोत, हे सिद्ध करावे लागत आले. भारतातील या विषयाचा बहुतेक इतिहास या एका प्रश्नाचा आहे.

इतिहास : औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मधील कामगाराची व्याख्या शारीरिक, कारकुनी, तांत्रिक अशा कामांच्या प्रकारांवर उभी होती, त्यांत विक्रीचा उल्लेख नव्हता. मे अँड बेकर या औषध कंपनीच्या खटल्यात, काढलेल्या प्रतिनिधीला कामावर परत घेण्याचा आदेश न्यायाधिकरणाने दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये तो रद्द केला. गिऱ्हाईक मिळवणे हे मुख्य काम आणि अहवाल लिहिणे हे आनुषंगिक, म्हणून तो कारकून नव्हे, असा त्यामागचा युक्तिवाद. बडतर्फी योग्य होती की अयोग्य, हा मुद्दा त्यामुळे मागेच पडला.

प्रतिनिधींची अखिल भारतीय संघटना १९६३ मध्ये स्थापन झाली. पुढे संसदेने विक्रीवृद्धी कर्मचारी (सेवाशर्ती) अधिनियम, १९७६ संमत केला. नियुक्तिपत्र देणे बंधनकारक झाले आणि कलम ६ अन्वये औद्योगिक विवाद अधिनियम या कर्मचाऱ्यांना लागू झाला. परंतु वेतनमर्यादा इतकी खाली होती की चांगला पगार असलेला प्रतिनिधी बाहेरच राहिला. ती अट १९८७ पासून गेली. व्यवस्थापकीय पदे आणि १,६०० रुपयांवरील पर्यवेक्षी पदे मात्र वगळलेलीच राहिली. नावापुरते ‘मॅनेजर’ केलेल्या विक्रेत्यांचे वाद येथून सुरू होतात.

महाराष्ट्रात आणखी एक वाट होती. कामगार संघांना मान्यता देणे व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणे यांसाठीचा १९७१ चा राज्य अधिनियम १९७५ पासून अमलात आला (वकिली बोलीत यूएलपी) आणि त्याखाली कर्मचाऱ्याला सरकारने वाद न्यायालयाकडे सोपवण्याची वाट न पाहता थेट न्यायालयात तक्रार करता येऊ लागली. मुंबईतील प्रतिनिधींनी ती वापरली. ११ ऑगस्ट १९९४ रोजी सॅन्डोझ (इंडिया) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ही वाट बंद केली. निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचे. १९७६ च्या अधिनियमामुळे प्रतिनिधीला केंद्रीय कायद्याखाली दाद मिळते. राज्य अधिनियमाने मात्र ‘कर्मचारी’ ठरवताना केंद्रीय कायद्यातील कामगाराचीच व्याख्या उचलली असल्याने त्याखाली मिळत नाही, असा त्याचा सारांश. तर्क बिनचूक, परिणाम कठोर. राज्य विधिमंडळाने १९९९ मध्ये व्याख्येत ‘विक्रीवृद्धी कर्मचारी’ हे शब्द घालून वाट पुन्हा उघडली.

व्याप्ती : १९७६ चा अधिनियम मुळात औषध उद्योगापुरता. केंद्र शासनाने २०११ मध्ये सौंदर्यप्रसाधने व साबण, तयार कपडे, शीतपेये, बिस्किटे, आयुर्वेदिक व होमिओपॅथी औषधे, वाहने, शस्त्रक्रियेची साधने, इलेक्ट्रॉनिक वस्तू, विजेची उपकरणे आणि रंग हे उद्योग जोडले. विमा, बँक कर्ज आणि घरबांधणी त्या यादीत नव्हती. अशा विक्रेत्याला दिवाणी न्यायालयात जावे लागे. तेथे वैयक्तिक सेवेचा करार सक्तीने पाळायला लावता येत नाही, त्यामुळे हाती बहुधा नोटीसकाळाच्या पगाराएवढी भरपाई येते.

अनुचित ठरणारी कारणे : राज्य अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीतील पहिल्या बाबीत सात पोटप्रकार आहेत. सूडबुद्धी, अधिकाराचा दिखाऊ वापर, फौजदारी प्रकरणात खोटे गोवणे, उघड खोटी कारणे, विनापरवाना गैरहजेरीचा बनाव, नैसर्गिक न्याय धुडकावून वा घाईने केलेली चौकशी, आणि किरकोळ चुकीला धक्कादायक शिक्षा. तिसरी बाब दुष्ट हेतूने केलेल्या बदलीची. विक्री व्यवसायात तिचे महत्त्व पहिलीइतकेच. दूरच्या मुख्यालयी बदली करायची आणि हजर झाला नाही म्हणून काढायचे, ही जुनी रीत आहे. लिहून घेतलेला राजीनामा ही दुसरी. तो दबावाखाली दिल्याचे सिद्ध करण्याचा भार कर्मचाऱ्यावर येतो आणि ‘फुल अँड फायनल’च्या पावतीवरील सही त्याच्याविरुद्ध दाखवली जाते. टार्गेट न गाठणे हे गैरवर्तन की निव्वळ कमी कामगिरी, याचा निर्णय प्रकरणागणिक वेगळा झालेला आढळतो.

दाद : यूएलपी तक्रारीची मुदत ९० दिवस, विलंबाचे पुरेसे कारण दाखवल्यास ती नंतरही घेता येते. बडतर्फीची तक्रार कामगार न्यायालयात, बदलीची औद्योगिक न्यायालयात. अंतरिम आदेशही मागता येतो. बडतर्फी बेकायदा ठरल्यास पुनर्नियुक्ती व मागील वेतन हा सर्वसाधारण नियम असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये महाराष्ट्रातीलच एका शिक्षिकेच्या प्रकरणात म्हटले. दरम्यान दुसरीकडे कमाई होत होती, हे सिद्ध करणे मालकाकडे. औद्योगिक विवाद अधिनियमाखाली वर्षात २४० दिवस काम केलेल्याला कपात म्हणून काढताना एक महिन्याची नोटीस वा तिचा पगार आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे वेतन द्यावे लागे.

नवी संहिता : औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या व्याख्येत विक्रीवृद्धी कर्मचारी प्रथमच थेट ‘कामगार’ आहे. राज्य अधिनियमाशी तिचा मेळ हा स्वतंत्र विषय आहे. [→ औद्योगिक न्यायालये]

काशीगाव : अधिकारक्षेत्र कसे ठरते, याचे एक उदाहरण. मिरा-भाईंदर महानगरपालिका, ठाणे जिल्हा, दहिसर नाक्यापलीकडे, मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत. कामाचे ठिकाण येथे असल्यास प्रकरण ठाण्याच्या कामगार न्यायालयात; कार्यालय मुंबईत आणि फिरती येथे असल्यास अधिकारक्षेत्राची हरकत हमखास घेतली जाते. परिसरातील सदनिका विकणारा मात्र वरील यादीबाहेरचा.

स्त्री कर्मचारी : प्रसूतिरजेच्या काळात काढणे २०२५ पर्यंत मातृत्व लाभ अधिनियम, १९६१, कलम १२ अन्वये बेकायदा होते.