सशाचें पिल्लूं आणि माणसाची माया

पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यांत पावसाळा सरतां सरतां माळांवरचें गवत कमरेइतकें वाढलेलें असतें. दसरा-दिवाळीच्या सुमारास त्यावर विळे चालूं लागतात. कापणाऱ्याचा हात एखादे वेळीं मध्येंच थबकतो, कारण समोर गवताच्या बुडाशीं सशाचें पिल्लूं बसलेलें असतें. तें मुठींत मावेल एवढें असतें. अंगावर दाट लव आणि डोळे टक्क उघडे. तें ओरडत नाहीं, पळत नाहीं, आणि आसपास आईचा मागमूस नसतो. 'बिचारें पोरकें झालें' असें म्हणून तें पदरांत घेतलें जातें व घरीं आणलें जातें. माणसाच्या या मायेला मोठा इतिहास आहे; आणि तिच्या पोटीं असलेल्या एका चुकीलाहि तितकाच जुना इतिहास आहे.

या भागांत गवताला मोल होतें. १८६४ सालीं मुंबई-सुरत आगगाडी सुरू झाल्यावर येथील गवत मुंबईचे घोडे आणि म्हशींचे गोठे यांच्यासाठीं जाऊं लागलें. तें कापणारे बहुतेक वारली असत, आणि मजुरी तुटपुंजी असे. १९४५ सालीं पांचशें पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत या मागणीसाठीं वारल्यांनीं संप केला. त्या ऑक्टोबरांत तलवाडा येथें जमलेल्या वारल्यांवर गोळीबार होऊन पांच जण बळी पडले. गोदावरी परुळेकर यांनीं 'जेव्हां माणूस जागा होतो' या १९७० सालच्या पुस्तकांत त्या लढ्याची हकीकत लिहिली आहे. ज्या गवतावर मजुराचें पोट अवलंबून होतें, त्याच गवतांत सशाचा पाळणा होता. म्हणून माणसाची आणि त्या पिल्लाची गांठ वारंवार पडत आली.

आपल्या वाङ्मयांत ससा फार प्राचीन आहे. जातककथेंतील ससा अतिथीसाठीं स्वतःचा देह अग्नींत टाकतो आणि इंद्र त्याचें चित्र चंद्रावर काढतो. चंद्राला शशांक म्हणतात तें त्यावरील सशाच्या खुणेमुळेंच. पंचतंत्रांतील ससा सिंहाला विहिरींत उडी घ्यावयास लावतो. मराठीनें तर 'ससेहोलपट' या एका शब्दांत पाठलाग होत असलेल्या सशाचे सारे हाल सांठविले आहेत. परंतु हे सारे ससे प्रौढ आहेत. गवतांत एकट्या बसलेल्या पिल्लाची खरी स्थिति या कथांत कोठेंच येत नाहीं.

तिचा उलगडा होण्यास आणखी एक अडचण होती. मराठींत 'ससा' या एकाच शब्दानें दोन निराळे प्राणी ओळखले जातात. बाजारांत विकला जाणारा पांढरा ससा मूळचा युरोपांतील, स्पेन-पोर्तुगालकडील रानसशाचा वंशज आहे. त्याचीं पिल्लें बिळांत उघडीं-नागडीं व मिटल्या डोळ्यांचीं जन्मतात. आपला रानटी ससा वेगळा. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ फ्रेदरिक क्यूव्हिए यानें १८२३ सालीं त्याला शास्त्रीय नांव दिलें, तें मानेवरील काळ्या डागावरून. तो बीळ खणीत नाहीं. त्याचें पिल्लूं लवेसह व उघड्या डोळ्यांनीं जन्मतें आणि लवकरच हिंडूं-फिरूं लागतें.

या जातीची आई पिल्लाजवळ बसत नाहीं, कारण तिच्या वावरानें कोल्ह्याला आणि रानमांजराला माग लागतो. पिल्लाचें संरक्षण म्हणजे निश्चलता. युरोपांतील सशांच्या अभ्यासांत असें दिसून आलें आहे कीं, आई दिवस मावळल्यावर येते, अवघीं कांहीं मिनिटें पाजते आणि निघून जाते. बहुधा दिवसांतून एकदांच. तिचें दूध गाईच्या दुधाहून कितीतरी स्निग्ध असतें, म्हणून एक वेळचें पुरतें. अर्थात् भरदिवसा एकटें दिसणारें पिल्लूं पोरकें नसतें. तें संध्याकाळची वाट पाहत असतें.

अशीं पिल्लें हातांवर वाढविण्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग इंग्रज कवि विल्यम कूपर याचा. १७७४ सालीं, मनोव्यथेनें खचलेला असतां, त्याला शेजाऱ्याच्या मुलांनीं नीट न सांभाळलेलें एक पिल्लूं मिळालें. पुढें त्यानें पस, टायनी आणि बेस अशीं तीन पिल्लें वाढविलीं. त्यांच्यासाठीं त्यानें स्वतः लांकडी घरें केलीं. संध्याकाळीं तो त्यांना दिवाणखान्यांत मोकळें सोडी. १७८४ सालीं 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकांत त्यानें सारी हकीकत लिहिली. आजारपणांत शुश्रूषा केल्यावर पस त्याचा हात चाटूं लागला. तो जवळजवळ बारा वर्षें जगला. टायनीला मात्र तितकीच माया मिळूनहि तो कधीं माणसाळला नाहीं. हात लावतांच गुरगुरे, पंजे मारी, चावे. एका घरांत, एका हातानें वाढलेल्या जीवांचे असे दोन परिणाम झाले, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. अलीकडे क्लोई डाल्टन या इंग्रज लेखिकेनें २०२१ सालीं सांपडलेलें पिल्लूं वाढविलें. पण तिनें त्याला पिंजऱ्यांत कोंडलें नाहीं, जाण्या-येण्याची मोकळीक ठेवली.

असे यशस्वी प्रसंग थोडे. पुष्कळदां घरीं आणलेलें पिल्लूं दगावतें. गाईचें दूध त्याला मानवत नाहीं आणि अतिसार होतो. घाईनें पाजलेलें दूध श्वासनलिकेंत जातें. शिवाय माणसाचा स्पर्श, मुलांचा गलका आणि कुत्र्या-मांजरांची चाहूल यांच्या भीतीनेंच तें अर्धमेलें होतें. कायद्याचाहि येथें संबंध येतो. १९१२ सालच्या वन्य पशुपक्षी संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत हरिणें, रानम्हशी आणि गेंडे यांच्या पंक्तींत ससाहि होता. आज वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं त्याची शिकार करण्यास आणि त्याला पकडून घरीं ठेवण्यास बंदी आहे.

मग माया करूंच नये काय? करावी, पण ती त्या जीवाच्या रीतीनें करावी. पिल्लूं धडधाकट असेल तर त्याच्या भोंवतालचें गवत तेवढें न कापतां सोडावें, कुत्रीं दूर ठेवावीं आणि आपण निघून जावें. उचललेलें असल्यास तें त्याच जागीं परत ठेवावें. माणसाचा वास लागला म्हणून आई त्याला टाकील, या भीतीनें तें घरीं आणूं नये. आई मेलेली प्रत्यक्ष दिसली, किंवा पिल्लूं जखमी असेल, तर मात्र तें कापडाच्या घडीवर, अंधाऱ्या व शांत जागीं ठेवून, कांहींहि न पाजतां वनखात्याच्या हवालीं करावें.

१९६९ सालीं तारापूरला देशांतील पहिलें अणुविद्युत् केंद्र सुरू झालें. मागोमाग बोईसरच्या बाजूला कारखाने उभे राहिले. २०१४ सालीं पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. माणसाची वस्ती वाढली तसा गवताचा माळ आक्रसत गेला. उरलेल्या माळावर आजहि दिवस मावळल्यावर एखादी सशीण आपल्या जागीं परत येते. सकाळीं कोणा दयाळू हातानें तिचें पिल्लूं उचलून नेलें असेल, तर त्या रात्रीं पोरकें झालेलें पिल्लूं माणसाच्या घरांत असतें, आणि त्याला पोरकें करणारी त्या माणसाची मायाच असते.