बडोद्याचे पळणारे

खो-खोचा इतिहास आमच्या घरात दोघांच्या तोंडून आला. एक थोरले मामा, दुसरी आत्या. दोघांनी सांगितलेलं एकत्र केलं की नंदुरबारपासून बडोद्यापर्यंत एक मैदान तयार होतं.

मामा साठच्या दशकात बडोद्याला कॉलेजात गेले. पुण्या-मुंबईपेक्षा आम्हाला बडोदं जवळचं. ताप्ती लाइनची गाडी धरायची, सुरतेला बदलायची, की झालं. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली, नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत राहिलं. पण आमच्या भागातली मुलं शिकायला, पोरी नांदायला आणि व्यापारी मालाला तिकडेच जात राहिले. घरून मामांना ताकीद होती की अभ्यास सोडून कुठे बघायचं नाही. त्यांनी ती पाळली, संध्याकाळ सोडून. संध्याकाळी ते मैदानाच्या कडेला उभे असायचे.

बडोदं हे व्यायामाचं शहर. सयाजीरावांच्या काळापासून तिथे तालमींना मान होता. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रो. माणिकराव ही नावं मामा आजही हात जोडून घेतात. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी मराठीतल्या व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले ते याच शहरात. खो-खोचे नियम बांधायला पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये सुरुवात केली खरी, पण हिंदविजय जिमखान्याने देशी खेळांच्या स्पर्धा भरवून बडोद्यात या खेळांना प्रेक्षक मिळवून दिला. दंड-बैठकांना गावोगाव मान असतो. पाठशिवणीच्या खेळाला तितकीच प्रतिष्ठा देणारी शहरं मोजकीच, आणि त्यात बडोद्याचा नंबर मला फार वरचा वाटतो.

मामा सांगायचे ते खांबाचं. ओसरीचा खांब धरून करूनही दाखवायचे. खो-खोच्या मैदानाच्या दोन टोकांना दोन खांब, उंची १२० सेंटिमीटर, लाकडाचे, गुळगुळीत घासलेले. पळणारा गडी खांबाला वळसा घालून निसटायला बघतो. मागचा गडी भरवेगात येतो, एका हाताने खांब धरतो, अख्खं अंग आडवं झोकून देतो आणि दुसऱ्या हाताची बोटं पुढच्याच्या पाठीला लावतो. खांब धरलेल्या हातावर सगळा भार. क्षणभर पाय जमिनीवर नसतात. हात सुटला तर कोपर आणि गुडघा दोन्ही सोलून निघणार, कारण खाली मॅट कुठली, मातीच होती. बडोद्याचे गडी हे दहादा करायचे, उठून चड्डीची माती झटकायचे आणि पुढचा खो द्यायचे. "काय पये तो भो!" असं मामा अहिराणीत म्हणायचे तेव्हा ते पळणाऱ्याबद्दल बोलत असायचे, खांबावर टिपणाऱ्यासाठी त्यांच्याकडे शब्दच नव्हते, नुसता हात वर जायचा.

पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली आणि पुढच्याच वर्षी कोल्हापुरात महिलांचीही. आत्या त्या वेळी शाळेत होती. ती साखळी पळायची, म्हणजे बसलेल्या गड्यांच्या रांगेतून नागमोडी, आणि तिच्या मागे लागलेल्या मुली दमून जायच्या असं ती स्वतः सांगते. मला ते खरं वाटतं. सत्तरी ओलांडल्यावरही ती गर्दीच्या बाजारातून कुणाला धक्का न लावता निघते.

मग आले अर्जुन पुरस्कार. खो-खोचा पहिला १९७० चा, सुधीर परब यांना. दुसरा १९७१ चा, अचला देवरे यांना. १९७३ चा भावना पारीख यांना. तिघेही गुजरातचे. १९७४ ला मध्य प्रदेशच्या नीलिमा सारोळकर. महाराष्ट्राला १९७५ उजाडावं लागलं, श्रीरंग इनामदार आणि उषा नगरकर यांच्यासाठी. परब हे बडोद्याचे, म्हणून मामांची मान ताठ. आत्याला मात्र देवरे हे आडनाव पुरलं. "देवरे म्हणजे आपल्याकडचंच की," असं ती घरोघर सांगत सुटली. आमच्या खानदेशात दर दोन-चार गावांत देवरे सापडतात, तेव्हा तिची चूक काढायला कुणी धजावलं नाही. देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंमध्ये एक बाई आणि तिचं आडनाव शेजारच्या गल्लीतलं, एवढ्यावर शाळेतल्या कितीतरी मुली पुन्हा मैदानावर उतरल्या असं ती सांगते.

ही सगळी हौशी माणसं. दिवसा नोकरी किंवा कॉलेज, संध्याकाळी फक्की मारलेलं मैदान. मानधन नाही, जाहिरात नाही. त्यांच्या कर्तृत्वाचा हिशेब गुणपत्रिकेतल्या मिनिटांत आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो : अमुक गडी दोन मिनिटं दहा सेकंद पळला, तमुकने तीन गडी टिपले. पळणाऱ्याला त्या मिनिटांचे गुण मिळत नसत. तो फक्त वेळ खायचा, समोरच्याचा डाव कोरडा ठेवायचा.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. प्रतीक वाईकरच्या आणि प्रियांका इंगळेच्या संघांनी, दोन्ही अंतिम सामन्यांत नेपाळला हरवून, तो जिंकला. आत्या टीव्हीसमोरून हलली नाही. तुकडी ठरावीक वेळेपलीकडे टिकली की पळणाऱ्यांनाही गुण मिळतात हे कळल्यावर ती टाळी वाजवून म्हणाली, "हे आमच्या वेळी हवं होतं." मामांचा राग मात्र वजीरावर. वाटेल त्या दिशेला वळू शकणारा गडी त्यांना पटत नाही. एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागे वळायचं नाही, वळलात तर फौल. सगळं कसब त्यातच आहे असं त्यांचं म्हणणं. या बाबतीत मी मामांच्या बाजूने आहे, आणि आत्याला ते मान्य नाही.