दहा डॉलरचा वकील

आमच्या घरात एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात आजोबांचे डिस्चार्ज बुक, दोन पदके आणि बाबासाहेबांचा एक फोटो असे. आजोबा महार रेजिमेंटमध्ये लान्स नाईक होते. फौजेने त्यांना रोमन लिपीत हिंदी लिहायला शिकवले, पण मराठी अर्ज लिहिता येण्याइतके मराठी कोणी शिकवले नाही. २००४ साली ते वारले तेव्हा मी दहावीत होतो. आजीच्या कुटुंब पेन्शनचा अर्ज म्हणून माझ्याकडे आला.

अडचण एवढीच होती की फौजेच्या कागदात आजीचे नाव ‘सोनाबाई’ होते आणि रेशनकार्डावर ‘सोनूबाई’. एका कचेरीतल्या कारकुनाने सांगितले, ही बाई ती बाई नव्हे. बाहेर झाडाखाली बसणाऱ्या अर्जनविसाने मला अर्जाची भाषा शिकवली. ‘मायबाप साहेबांनी गरीब विधवेवर कृपा करावी.’ मी तसे लिहिले. एकदा नव्हे, सात वेळा लिहिले. दोन वर्षे गेली. शेवटी शेजारच्या गावचे एक निवृत्त सुभेदार आजीला घेऊन तालुक्याला गेले आणि दोन्ही नावे एकाच स्त्रीची आहेत असे प्रतिज्ञापत्र करून आले. त्याला अर्धा तास लागला. कृपेने दोन वर्षांत जे झाले नाही ते माहितीने अर्ध्या तासात झाले.

पुढे मी इतिहास शिकवू लागलो आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय सैनिकांची कागदपत्रे वाचू लागलो. तिथे मला आमचीच ट्रंक पुन्हा भेटली. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून या दोन लढ्यांचे नाते सांगितले होते. १९७२ साली आपल्या तरुणांनी ‘पँथर’ हे नाव तिथूनच घेतले. त्यांच्या कविता, त्यांच्या आत्मकथा आपण वाचल्या. त्यांच्या अर्जांचा इतिहास मात्र आपण वाचला नाही. तो वाचला पाहिजे, कारण आपली अर्धी लढाई अजून अर्जांवरच चालू आहे.

या इतिहासाची सुरुवात दहा डॉलरपासून होते. अमेरिकन यादवी युद्धात जखमी झालेल्या सैनिकांना पेन्शन मिळवून देतो म्हणून दलालांनी त्यांना लुबाडले. त्यावर उपाय म्हणून १८६४ साली वकिलाची फी दहा डॉलरवर बांधली गेली. जास्त घेणारा गुन्हेगार ठरे. हेतू चांगला होता. पण काळ बदलला, रुपयासारखाच डॉलरही स्वस्त झाला आणि दहाचा आकडा तिथेच राहिला. विसाव्या शतकात दहा डॉलरसाठी कोण वकील वर्षभर फायली चाळणार? सैनिकाला दलालापासून वाचवणारा कायदा त्याला वकिलापासूनही वाचवू लागला! शिवाय माजी सैनिक प्रशासनाने दावा फेटाळला तर त्यावर कोर्टात दाद मागण्याची सोय जवळजवळ नव्हतीच.

१९८५ साली ही मर्यादा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आली. सहा न्यायमूर्तींनी ती कायम ठेवली. प्रक्रिया साधी आहे, सरकार येथे सैनिकाचे विरोधक नाही, तेव्हा वकिलाची फारशी गरज नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. तिघांनी विरोध नोंदवला. त्या तिघांत थरगुड मार्शल होते. सर्वोच्च न्यायालयातले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. १९८८ साली नवा कायदा झाला, माजी सैनिकांच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायालय आले आणि दहा डॉलरची बेडी सैल झाली. मध्ये १२४ वर्षे गेली.

मार्शल यांचा विरोध केवळ तत्त्वाचा नव्हता. त्यामागे त्यांनी पाहिलेले एक जग होते. त्यासाठी आधी त्यांच्या गुरूकडे जावे लागते.

चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन पहिल्या महायुद्धात लेफ्टनंट होते. लोकशाहीसाठी लढायला म्हणून फ्रान्सला गेले आणि तिथे आपल्याच सैन्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांकडून अपमान सोसून आले. परतल्यावर ते हार्वर्डमध्ये कायदा शिकले. १९२९ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात विधी शाखेची सूत्रे त्यांच्या हाती आली. नोकरी करून संध्याकाळी शिकायची ती शाळा होती. ह्यूस्टन यांनी ती पूर्ण वेळेची आणि अत्यंत कडक केली. वकील समाजाची घडी बदलण्यासाठी झटत नसेल तर तो समाजाच्या जिवावर जगतो, ही त्यांची शिकवण. मार्शल तिथून १९३३ साली बाहेर पडले. एका अपमानित सैनिकाने विधी महाविद्यालय हाती घेतले आणि त्यातून एका पिढीचे वकील घडले, ही घटना मला फार महत्त्वाची वाटते.

आणि शिष्याने गुरूचे ऋण सैनिकांच्याच कामी फेडले. सैन्यातला वर्णभेद मोडण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४८ सालीच काढला होता. तरी कोरियाच्या युद्धात चोविसावी पायदळ रेजिमेंट कृष्णवर्णीयांची वेगळीच राहिली होती. तिच्या कित्येक जवानांवर भ्याडपणाचे आरोप ठेवून लष्करी न्यायालयांनी त्यांना शिक्षा ठोठावल्या. १९५१ च्या सुरुवातीला मार्शल स्वतः जपान आणि कोरियात गेले. तुरुंगात जवानांना भेटले, खटल्यांचे कागद तपासले. जन्मठेपेचे काही खटले तासाभराच्या आतच आटोपले होते! मार्शल यांच्या अहवालानंतर अनेकांच्या शिक्षा कमी झाल्या. ‘प्रक्रिया साधी आहे’ असे १९८५ साली बाकीचे न्यायमूर्ती म्हणाले तेव्हा साधी प्रक्रिया म्हणजे काय, हे मार्शल यांना ठाऊक होते.

कायदा आंधळा असतो असे म्हणतात. राबवणाऱ्याला मात्र चांगले दिसते. १९४४ चा ‘जी. आय. बिल’ हा सैनिकांच्या पुनर्वसनाचा कायदा घ्या. त्यात शिक्षण, घर, धंद्याचे कर्ज, सारे होते आणि वर्णभेदाचा एक शब्दही नव्हता. पण अंमलबजावणी स्थानिक बँका आणि स्थानिक अधिकारी यांच्या हाती होती. १९४७ साली मिसिसिपीतल्या तेरा शहरांची पाहणी झाली. सरकारी हमीची ३,२२९ कर्जे दिली गेली होती. त्यांतली कृष्णवर्णीय माजी सैनिकांना मिळाली दोन. दोनशे नव्हे, दोन. आपल्या गावच्या सोसायटीचा कर्जवाटपाचा तक्ता पाहिलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

मग व्हिएतनाम आले. त्या युद्धातून परतलेल्या सुमारे अडीच लाख सैनिकांच्या कागदावर सन्मानाचा शेरा नव्हता. त्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण त्यांच्या सैन्यातल्या संख्येच्या मानाने जास्त होते. असा शेरा बसला की शिक्षण, घर, उपचार यांची दारे बंद होत. यातली अनेक माणसे मनाने जखमी होती. झोप नाही, अचानक संताप, भांडण, गैरहजेरी. या आजाराला वैद्यकशास्त्राने अधिकृत नाव दिले १९८० साली. शेरे त्याआधीच मारून झाले होते. आजार होता, नाव नव्हते, म्हणून तो गुन्हा ठरला.

कॉन्ली मंक हे अशांपैकी एक. कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन शहराचे, मरीन दलातून व्हिएतनामला गेलेले. वडील दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीला लढलेले. त्यांचाही दावा सरकारने फेटाळला होता. दोन पिढ्या, दोन युद्धे आणि उत्तर एकच. पण मंक स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी आणि त्यांच्या भावाने आपल्यासारख्यांची संघटना चालवली. त्याच शहरात येल विद्यापीठ आहे. २०१० साली तिथल्या विधी महाविद्यालयात मायकेल विश्नी या प्राध्यापकांच्या नेतृत्वाखाली माजी सैनिकांसाठी कायदा-मदतीचे क्लिनिक सुरू झाले. डॉक्टरकीचे विद्यार्थी रुग्णालयात रोग्यांजवळ शिकतात, तसे वकिलीचे विद्यार्थी येथे पक्षकारांजवळ शिकतात. फी घेतली जात नाही. व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी महाविद्यालयात असे क्लिनिक २००८ साली निघाले होते. हार्वर्डमध्ये २०१२ साली निघाले. दहा डॉलरच्या कायद्याने जी जागा रिकामी ठेवली होती, तिथे विद्यार्थी येऊन बसले.

मार्च २०१४ मध्ये येलच्या क्लिनिकने मंक आणि इतरांच्या वतीने संरक्षण खात्याविरुद्ध सामूहिक दावा लावला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संरक्षणमंत्री चक हेगेल यांनी आदेश काढला, की या मनोव्याधीने ग्रासलेल्या व्हिएतनाम सैनिकांच्या अर्जांचा उदारपणे विचार व्हावा. २०१५ साली मंक यांचा शेरा बदलला. पंचेचाळीस वर्षांनी! दुसऱ्या एका खटल्यात २०१७ साली वरच्या न्यायालयाने ठरवले, की माजी सैनिकांच्या न्यायालयाला एकेकट्याचीच नव्हे तर समूहाची तक्रारही ऐकता येते. या निकालावर नाव आहे ‘मंक’. पुढे माहितीच्या कायद्याखाली सरकारी आकडे मिळवले गेले. २००२ ते २०२० या काळात अपंगत्वाच्या भरपाईचे कृष्णवर्णीयांचे सरासरी २९.५ टक्के दावे फेटाळले गेले होते, गोऱ्यांचे २४.२ टक्के. त्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये मंक यांनी नवा दावा लावला. तो फेटाळून लावावा ही सरकारची मागणी मार्च २०२४ मध्ये न्यायाधीशांनी अमान्य केली.

आता या कामातले नेतृत्व कोणाचे, हा प्रश्न मला विचारावासा वाटतो. प्राध्यापकांचे? ते नसते तर दार उघडले नसते, हे खरे. पण क्लिनिक चालवणाऱ्या प्राध्यापकाची कसोटी वेगळी असते. त्याला स्वतः उभे राहून उत्तम युक्तिवाद करता येतो, आणि तरी तो विद्यार्थ्याला उभे करतो. विद्यार्थ्याला पक्षकाराच्या वतीने बोलायचे असते, आणि तरी आधी त्याला पक्षकाराचे ऐकून घ्यावे लागते. मंक यांची संघटना क्लिनिकच्या कितीतरी आधीपासून झगडत होती. त्यांना पुढारी नको होता, वकील हवा होता. हा फरक ज्याला कळतो त्यालाच असे केंद्र चालवता येते. ज्याला कळत नाही तो नवा मायबाप होतो.

येलसारख्या श्रीमंत विद्यापीठाचे मी गोडवे गात नाही. विद्यार्थी दोन-तीन वर्षांत पदवी घेऊन मोठ्या पगारावर जातात. म्हातारा सैनिक पुढच्या तारखेची वाट पाहत राहतो. हे दुखणे तिथेही आहे. पण म्हणूनच संस्था लागते. विद्यार्थी बदलतात, फाईल कपाटात राहते आणि पुढचा विद्यार्थी ती उचलतो.

आपल्याकडे अशा फाईलची परंपरा नाही काय? आहे, आणि तीही सैनिकांचीच. महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा दापोलीचे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ च्या सुमारास सरसेनापतींसाठी अर्ज तयार केला. आपण मूळचे क्षत्रिय आहोत, हे त्यांना त्यात मांडावे लागले. रक्त सांडल्याचा पुरावा पुरेसा नव्हता, रक्ताच्या कुळाचाही पुरावा हवा होता! १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी दख्खनच्या महारांच्या वतीने भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. या माणसांच्या मागे ना वकील होता ना विधी महाविद्यालय. सुभेदार रामजींचा मुलगा बॅरिस्टर झाला तेव्हा ती उणीव भरून निघाली आणि अर्जाची भाषा बदलली. बाबासाहेब १९३५ ते १९३८ मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९४१ साली महार रेजिमेंट बेळगावला उभी राहिली. सैनिकाचा मुलगा विधी महाविद्यालयाचा प्रमुख होतो, हे ह्यूस्टन यांच्या कथेचे आपले रूप आहे. मात्र आपण प्राचार्यांचा पुतळा केला, त्यांच्या वर्गाचा विस्तार केला नाही.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात विद्यापीठांत आणि विधी महाविद्यालयांत मदत केंद्रे काढण्याची तरतूद आहे. अनेक ठिकाणी ती निघालीही आहेत. किती ठिकाणी ती पाटीच्या पुढे गेली, हे विधी महाविद्यालयांतल्या आपल्या प्राध्यापक मित्रांनी स्वतःला विचारावे. गावोगाव माजी सैनिक आहेत, त्यांच्या विधवा आहेत. २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की भरतीच्या वेळी निरोगी असलेल्या जवानाला नोकरीत आजार जडला तर तो नोकरीमुळे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. हा निकाल किती घरांतल्या ट्रंकांपर्यंत पोहोचला आहे?

आजी आता नाही. तिच्या अर्जाची एक प्रत अजून ट्रंकेत आहे, माझ्या दहावीच्या अक्षरातली. ‘कृपा करावी’ असे मी तीन ठिकाणी लिहिले आहे. तिच्या नवऱ्याने सतरा वर्षे नोकरी करून मिळवलेली पेन्शन मी तिच्यासाठी भीक म्हणून मागितली होती. ही लाज अर्जनविसाची नव्हे, माझी आहे. मी वकील नाही. पण दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी माझ्या वर्गातली चार मुले-मुली वस्तीत बसतात, कागद लावून देतात, अर्ज लिहितात. अडले तर तालुक्यातल्या दोन तरुण वकिलांकडे जातात. ते दोघेही माझ्यासारखेच, घरातले पहिले पदवीधर. मी त्यांना एवढेच सांगतो, की अर्जात नियमाचा क्रमांक लिहा, तारीख लिहा, मागणी लिहा, आणि ‘मायबाप’ लिहू नका.